परस्पर नेलेलं मूल



ज्या वकीलबाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांची उभी हयात मुलांच्या ताब्याचे खटले लढण्यात गेली. त्यामुळे विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. आईवडिलांपैकी एकाने दुसऱ्याला न विचारता मूल परस्पर परदेशी नेलं, किंवा परदेशातून इथे आणलं, तर कायदा काय करतो, आणि आपल्याकडे तो काय करत नाही, याबद्दल आज बोलायचं आहे.

कायद्याच्या पुस्तकांत असे निकाल पक्षकारांच्या नावांनी ओळखले जातात. मी ती नावं घेणार नाही. त्या निकालांतली मुलं आता मोठी झाली आहेत, आणि आईबापांच्या भांडणाने त्यांची ओळख व्हावी असं मला वाटत नाही. निकालाचं साल आणि कोर्ट सांगितलं तरी आपलं काम भागतं.

सुरुवात पुण्यापासूनच करू. 1986 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून सात वर्षांचा एक मुलगा पुण्यात आणला गेला. आई अमेरिकन, वडील भारतीय. घटस्फोट झाला होता, तिथल्या कोर्टाने ताबा आईला दिला होता आणि शनिवार-रविवारी मुलाला भेटण्याची मुभा वडिलांना होती. अशाच एका भेटीच्या निमित्ताने वडिलांनी मुलाला सोबत घेतलं आणि थेट विमान पकडलं. आई भारतात आली, सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने मुलाला आईच्या हवाली करून अमेरिकेत परत नेण्याची मोकळीक दिली. जानेवारी ते नोव्हेंबर. आपल्या न्यायव्यवस्थेचा वेग माहीत असलेल्या कुणालाही हे नवल वाटेल.

आता मुंबईचा खटला. तिथे आई दुधपित्या मुलाला घेऊन 1984 साली अमेरिकेतून भारतात आली. वडिलांनी तिकडच्या कोर्टातून एकतर्फी आदेश मिळवला, इकडे मुंबईत अर्ज केले. प्रकरण कौटुंबिक न्यायालयातून उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयात निकाल आईच्या विरोधात लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि मूल आईकडेच ठेवलं. तो निकाल आला 1997 च्या नोव्हेंबरमध्ये. मूल तोवर बारा वर्षांहून अधिक काळ आईजवळ वाढलं होतं, इथल्या शाळेत शिकत होतं. अशा मुलाला उचलून परत पाठवणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा उपटणं झालं असतं. न्यायालयाने केलं ते योग्यच केलं, असं मला वाटतं.

पण हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. 1997 च्या निकालात न्यायालयानेच मर्म सांगितलं आहे: प्रकरण लवकर समोर आलं तर थोडक्या चौकशीवर मूल परत पाठवता येतं, वर्षं लोटली असतील तर सगळं मुळापासून तपासावं लागतं. म्हणजे आधी उशीर होतो, आणि मग तो उशीरच निकाल ठरवतो. ज्याच्या हाती मूल आहे त्याने काहीच करायचं नसतं, फक्त तारखा घ्यायच्या असतात. ज्याच्या हातून मूल गेलं आहे त्याच्यासाठी पुढे ढकललेली प्रत्येक तारीख म्हणजे खटल्याचा थोडासा पराभव असतो. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. आपल्याकडे या विषयावर आई विरुद्ध बाप, आपलं कोर्ट विरुद्ध गोऱ्यांचं कोर्ट अशा वादांत तीसेक वर्षं गेली, आणि खरा मुद्दा, वेळेचा, मागेच राहिला.

वेळेचं हे महत्त्व ओळखून एक आंतरराष्ट्रीय करार झालेला आहे. 25 ऑक्टोबर 1980 चा हेग करार. 1 डिसेंबर 1983 पासून तो अमलात आहे आणि आज शंभराहून जास्त देश त्यात आहेत. करार सोळा वर्षांखालच्या मुलांना लागू होतो. त्याची मांडणी अगदी साधी आहे. मूल ज्या देशात नेहमी राहत होतं, तिथल्या कायद्याने दुसऱ्या पालकाचा त्याच्यावर हक्क होता आणि तो हक्क डावलून मूल नेलं किंवा अडकवून ठेवलं, तर ज्या देशात मूल आणलं आहे तिथल्या कोर्टाने ते परत पाठवायचं. ताबा आईला की वडिलांना, हे त्या कोर्टाने ठरवायचंच नाही. तो वाद मूळ देशात चालेल. प्रत्येक देशात एक केंद्रीय प्राधिकरण असतं. ज्याचं मूल गेलं त्याने आपल्याच देशातल्या प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. मूल शोधण्यापासून ते अर्ज कोर्टापुढे नेण्यापर्यंतची व्यवस्था तिकडचं प्राधिकरण पाहतं.

वर्षाच्या आत अर्ज आला तर मूल तत्काळ परत. वर्ष उलटून गेल्यावर आला आणि मूल नव्या जागी रुळलं आहे असं सिद्ध झालं, तर परत पाठवण्याची सक्ती उरत नाही. कोर्टाने सहा आठवड्यांत निर्णय द्यावा, नाही तर उशिराचं कारण विचारता येतं. प्रत्यक्षात बहुतेक देशांना सहा आठवडे पुरत नाहीत, महिने लागतात. तरीही महिने आणि बारा वर्षं यांत फरक आहेच.

एक गैरसमज सभांमधून वारंवार ऐकू येतो. खरं तर करारान्वये मूल देशाकडे परत जातं, मागे राहिलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे नव्हे. आई मुलासोबत परत जाऊन वेगळ्या घरात राहू शकते आणि तिथल्या कोर्टात मुलाला कायमचं भारतात नेण्याची परवानगी मागू शकते. अशा परवानग्या मिळतातही.

कागदावरून आता माणसांकडे येते. हा करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ताबा हरलेला, रागाच्या भरात मूल पळवणारा बाप होता. पुण्याच्या खटल्यासारखा. पुढे चित्र पालटलं. करारांतर्गत येणाऱ्या प्रकरणांत मूल नेणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आता आया असतात. त्यातल्या कित्येक जणी मुलाला मुख्यतः स्वतःच सांभाळत आलेल्या असतात, आणि काही मार खाऊन पळालेल्या असतात. पळवणाऱ्याला रोखायला लिहिलेला कायदा पळून सुटणारीवर चालवला जातो, ही या कराराची सर्वांत मोठी अडचण आहे. करारात अपवाद आहे, तेराव्या कलमात: परत पाठवल्याने मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजेचा गंभीर धोका असेल, किंवा त्याच्यावर असह्य परिस्थिती ओढवणार असेल, तर कोर्ट नकार देऊ शकतं. मूल पुरेसं जाणतं असेल आणि परत जायला त्याचाच विरोध असेल तर तोही ऐकला जातो. पण अपवादात शब्द मुलाच्या धोक्याचा आहे, आईच्या नाही. आईला मारहाण होते तेव्हा दाराआड उभ्या असलेल्या मुलाला काय होतं, हे अनेक देशांतल्या कोर्टांना समजायला बराच काळ लागला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली, इटलीहून आलेल्या एका आईच्या प्रकरणात, गंभीर धोका सिद्ध झाल्यावर मूल परत पाठवण्यासाठी संरक्षणाचे सगळे पर्याय धुंडाळत बसण्याचं बंधन कोर्टावर नाही, असं स्पष्ट केलं. पण त्या आईने तोवर वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

आपल्या मुलींचं चित्र याहून थोडं वेगळं आहे, ते नीट पाहायला हवं. पुणे-नाशिक-नागपूरहून लग्न करून अमेरिकेला गेलेली मुलगी बऱ्याचदा एच-4 व्हिसावर असते, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेली. 2015 पासून त्यातल्या काहींना काम करायची परवानगी मिळू लागली, तीही नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्याला पोहोचला असेल तरच. घटस्फोट झाला की तिचा तिथे राहण्याचा आधारच जातो. मूल मात्र तिथे जन्मलेलं, अमेरिकन नागरिक. कोर्ट म्हणतं, ताबा दोघांचा, मुलाला राज्याबाहेर नेऊ नका. मग तिने राहायचं कुठे, कमवायचं काय, वकिलाचे डॉलर आणायचे कुठून? तेव्हा ती दिवाळीला माहेरी येते आणि परतीच्या तिकिटाची तारीख जाऊ देते. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत ते परतीचं तिकीट हमखास असतं. नवऱ्याचा वकील दाखवतो की परत यायचं ठरलं होतं. बायकोचा वकील दाखवतो की तिकीट नवऱ्याच्याच कार्डावर काढलं होतं, तिला विचारून नव्हे. लसीकरणाचं कार्ड, तिकडच्या बालवाडीचा प्रवेश, इकडच्या बालवाडीची पावती असे कागद मग एकेक करून न्यायाधीशांसमोर येतात.

आणि याची दुसरी बाजूही आहे. सुट्टीसाठी म्हणून बायकोला भारतात आणायचं, तिचा पासपोर्ट काढून घ्यायचा आणि मूल घेऊन एकट्याने परत जायचं, असंही घडतं. त्या आईला हेग कराराचा फारसा उपयोग नाही, कारण मूल तर आपल्या नेहमीच्या देशातच परतलेलं असतं. तिला हवा असतो व्हिसा. तिकडच्या कोर्टात उभं राहता येईल एवढाच. कराराने सगळं सुटेल असं सांगणाऱ्यांनी या बाईचा विचार करावा.

भारत या करारात नाही. पाकिस्तान 2016 साली सामील झाला, श्रीलंका त्याच्याही आधी. आपल्या विधी आयोगाने 2009 साली 218 व्या अहवालात सामील व्हा असं सांगितलं, 2016 साली 263 व्या अहवालात विधेयकाचा मसुदाच दिला. महिला व बालविकास मंत्रालयानेही मसुदा काढला. पळून आलेल्या स्त्रियांचं काय, या रास्त आक्षेपावर तो थांबला. मग न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2018 च्या तिच्या अहवालात अशा वादांसाठी स्वतंत्र प्राधिकरण सुचवलेलं आहे. त्याच सुमारास राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगात मध्यस्थी कक्षही सुरू झाला. कायदा मात्र झाला नाही. हे घोंगडं अजून भिजतच पडलं आहे.

कायदा नसला की काय होतं? ज्याचं मूल इथे आणलं गेलं तो पालक उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका करतो. बेकायदा अडकवून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याचा हा मार्ग. त्यावर आंतरराष्ट्रीय ताब्याचा सगळा डोलारा आपण उभा केला आहे. पोलिसांत जाऊन फारसं हाती लागत नाही. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की, कोर्टाने मनाई केलेली नसेल तर बापाने स्वतःचं मूल नेणं हा अपहरणाचा गुन्हा होत नाही. 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली अर्ज करायचा तर मूल ‘सामान्यतः राहतं’ त्या जिल्ह्याच्या कोर्टात, आणि मुळात वाद तिथेच असतो.

निकालांचा कल तर दर काही वर्षांनी बदलत आला. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी परदेशी कोर्टाच्या आधीच्या आदेशाला मोठं वजन दिलं. 2017 साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते मोडलं. मुलाचं हित सर्वोपरी, परदेशी आदेश हा विचारात घेण्याच्या अनेक गोष्टींपैकी एक, आणि भारत करारात नसल्याने करारातली सक्ती आपल्यावर नाही. त्यानंतरही 2019, 2020 आणि 2022 मध्ये मुलांना अमेरिकेत पाठवण्याचे आदेश झाले, आणि न पाठवण्याचेही झाले. प्रत्येक निकाल स्वतंत्र वाचला तर पटतो. सगळे मिळून वाचले तर वकील म्हणून अशिलाला काय सांगावं ते कळत नाही. ‘मुलाचं हित’ हे तत्त्व थोर आहे, पण त्याला मुदतीची जोड नसेल तर शेवटी ज्याच्याकडे मूल आहे त्याचंच हित साधतं. एक वर्ष तपासणीत गेलं की मूल रुळतं, आणि रुळलेल्या मुलाचं हित न हलवण्यात असतं. तत्त्व न मोडताच निकाल ठरून जातो.

या काळात मुलाचं काय होतं ते थोडं जवळून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कोर्टाने आदेश दिला: दर रविवारी भारतीय वेळेनुसार सकाळी 7 वाजता अर्धा तास व्हिडिओ कॉल. बाप टेक्सासमध्ये, तिथे तेव्हा शनिवारची रात्र, साडेआठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. पुढच्या शनिवारी बापाने नेहमीप्रमाणे आपल्या साडेआठला फोन केला, इथे 8 वाजले होते. आई मुलाला घेऊन देवळात गेली होती. फोन उचलला गेला नाही. बापाने आदेशभंगाचा अर्ज केला, आईने उलट शपथपत्र दिलं, आणि त्या एका तासावर दोन तारखा गेल्या. मूल चार वर्षांचं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत ते फोनसमोर खेळण्यातली गाडी नाचवायचं, इंग्रजीत बडबडायचं, मध्येच पळून जायचं. वर्षभराने ते शांत बसायला शिकलं. “आज शाळेत काय केलंस?” असं बापाने विचारलं की उत्तर देण्याआधी ते पडद्याच्या उजवीकडे बघायचं. तिकडे आजी उभी असायची. ती काही बोलायची नाही, धमकावायची तर नाहीच. पण काय बोललं तर घरात चालतं हे मुलाला कळलं होतं. चार-पाच वर्षांच्या जिवाला हा शहाणपणा यावा याचं मला फार वाईट वाटतं, आणि दोष त्या आजीला देऊन भागणार नाही. तिलाही आपली मुलगी पुन्हा तिकडे एकटी जाईल याची भीती वाटत होती.

भारताने हेग करारात यावं असं माझं मत आहे. आंधळेपणाने नव्हे. जपानचं उदाहरण घ्या. अनेक वर्षं दबाव सोसून तो 1 एप्रिल 2014 पासून करारात आला, पण येताना स्वतःच्या कायद्यात लिहून आला की, गंभीर धोका तपासताना कोर्टाने मुलाच्या देखत आईवर हिंसा होऊन मुलाच्या मनाला इजा होण्याची शक्यता बघावी, आणि परत गेल्यावर आईला किंवा वडिलांना तिथे मूल सांभाळणं शक्य आहे का हेही बघावं. या दुसऱ्या मुद्द्यात आपल्या एच-4 वाल्या मुलींचं सगळं गाऱ्हाणं बसतं. स्वित्झर्लंडने 2009 पासून लागू असलेल्या कायद्यात मुलासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमण्याची तरतूद केली, आईचा वकील वेगळा, बापाचा वेगळा आणि मुलाचा वेगळा. करारात राहून हे करता येतं. बाहेर राहून मात्र आपल्या आईबापांना दुसऱ्या देशाच्या प्राधिकरणाचं दारही ठोठावता येत नाही. पुण्यातून ऑस्ट्रेलियात परस्पर नेलेल्या मुलाची आई आज काय करते? तिकडचा वकील शोधते, दागिने मोडते. करार असता तर दिल्लीत एक अर्ज दिला असता. भारत म्हणजे फक्त मुलं येऊन पोहोचण्याचा देश, असं धरून आपण हा सगळा वाद घातला. आपल्याकडून मुलं जातातही.

सही केली की लगेच सगळ्या देशांशी करार लागू होतो असंही नाही. नव्याने येणाऱ्या देशाला जुन्या सदस्यांनी एकेकाने मान्यता द्यावी लागते, म्हणजे त्यातही काही वर्षं जाणार. म्हणून कायदा आधी हवा, आणि त्यात निदान एवढं हवं: उच्च न्यायालयात ठरावीक न्यायाधीशांकडेच ही प्रकरणं, निकालाला मुदत, मुदत चुकली तर लेखी कारण; परत पाठवायचं असेल तर आधी समोरच्या देशातल्या कोर्टाकडून तसाच आदेश, ज्यात आईला अटक होणार नाही, राहायला जागा आणि खर्चाला पैसे मिळतील, याची खात्री; आणि दोन्ही बाजूंना सरकारी खर्चाने वकील. इंग्लंडमध्ये करारान्वये मूल परत मागणाऱ्याला उत्पन्न न पाहता कायदेशीर मदत मिळते, पण मूल आणणाऱ्या आईचं उत्पन्न तपासलं जातं. ही चूक आपण करू नये. तोंडी आश्वासनांवर मात्र माझा विश्वास नाही. नवऱ्याने भारतातल्या कोर्टात दिलेली हमी टेक्सासच्या न्यायाधीशावर बंधनकारक नसते.

हा कायदा होईपर्यंत काय? समोर बसलेल्यांत आजी-आजोबा बरेच दिसतात, म्हणून तुमच्यासाठी बोलते. मुलगी नातवाला घेऊन घरी आली आणि परत जाणार नाही म्हणाली, तर तिला आधार द्या, खोदून चौकशा करू नका. पण पहिल्याच आठवड्यात इथल्या वकिलासोबत तिकडच्या वकिलाचाही सल्ला घ्या. तिथे मारहाणीची पोलिसांत नोंद असेल, डॉक्टरांचे कागद असतील, शेजारणीला पाठवलेले मेसेज असतील, तर ते आत्ताच मागवून ठेवा. सहा महिन्यांनी मिळत नाहीत. मुलाचा आणि बापाचा फोन बंद करू नका, बापाशी तुमचं कितीही बिनसलं असलं तरी. मुलगा किंवा जावई नातवाला परस्पर घेऊन गेला असेल, तर नातेवाइकांच्या बैठका घेण्यात महिने घालवू नका. बैठक घ्या, पण अर्ज आधी दाखल करा. आणि तिकडच्या कोर्टाची नोटीस घरी आली, तर ‘पत्ता चुकला’ म्हणून पोस्टमनकडून परत पाठवू नका. ती घ्या, मुदतीच्या आत उत्तर द्या. नोटीस परत गेल्याने तिकडचं कोर्ट थांबत नाही. ते एकतर्फी आदेश देतं, आणि पुढची सगळी वर्षं त्या आदेशाशी भांडण्यात जातात.